जँगोचे एरर-मेल: आठ महिने वापरल्यानंतर

जँगो म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट. साइटवर काही कोसळलं की ती ठरलेल्या पत्त्यांवर आपोआप एरर-मेल पाठवते. माझ्याकडे पहिले सहा आठवडे एकही एरर-मेल आला नाही. मी आपला खुशीत, कोड काय पक्का जमलाय! मग एकाने फोन करून विचारलं, "फॉर्म सबमिट केला की नुसतं सर्व्हर एरर 500 येतं, काम चालू आहे का?" लॉग उघडला तर 500 ची रांगच लागलेली.

हे मेल ज्यांना जातात त्या 'अॅडमिन्स'च्या यादीत माझा पत्ता होता, डीबगही बंद होतं (ते चालू असेल तर हे मेल जात नाहीत). जँगोच्या सेंडटेस्टईमेल या चाचणी-कमांडने पाठवलेला मेलही दोन सेकंदांत आला. इथेच माझी अख्खी संध्याकाळ गेली. साधा टेस्ट मेल 'डिफॉल्ट फ्रॉम ईमेल'वरून जातो, एररचा मेल मात्र 'सर्व्हर ईमेल'वरून. ते सेटिंग भरलं नाही तर पाठवणारा ठरतो रूट अॅट लोकलहोस्ट. आमचा मेल सर्व्हर फक्त आमच्याच डोमेनचे पत्ते स्वीकारतो, त्यामुळे तो मेल दारातूनच परत. बरं, हे कळावं कसं? एररचा मेल पाठवणारा हँडलर (जँगोमधला तेवढंच काम करणारा कोड) स्वतःचं अपयश मुकाट्याने गिळतो. मेल गेला नाही म्हणून आणखी एक एरर नको, हा हेतू पटतो. पण त्या संध्याकाळी अजिबात पटला नव्हता.

एक ओळ भरली आणि मेल सुरू झाले. मग उलटा त्रास. कुठले तरी बॉट (आपोआप फिरणारे प्रोग्रॅम) साइटच्या नावाऐवजी थेट आयपी पत्त्यावर येऊन धडकायचे आणि प्रत्येक वेळी 'इन्व्हॅलिड एचटीटीपी होस्ट हेडर'चा, म्हणजे विनंतीतलं साइटचं नाव मान्य नसल्याचा, मेल. एका सकाळी इनबॉक्समध्ये असे दोनशेच्या वर होते, आणि त्यांच्याखाली एक खरा एरर गाडला गेला होता. या एररची, म्हणजे 'डिसअलाउड होस्ट'ची, नोंद करणारा लॉगर काहीच न करणाऱ्या नल हँडलरकडे वळवला, तेव्हा शांतता झाली. एकच एरर शंभरदा आला तर मेलही शंभर येतात, एकत्र करण्याची सोय नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच.

आणखी एक सांगतो. एररचा मेल समोरच्याची रिक्वेस्ट चालू असतानाच जातो आणि ईमेल टाइमआउट, म्हणजे मेल सर्व्हरची किती वेळ वाट बघायची ते, मुळात ठरवलेलंच नसतं. मेल सर्व्हर अडकला की समोरचा माणूसही गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसतो. मी तो टाइमआउट पाच सेकंदांवर आणलाय.

फॉर्ममध्ये भरलेला मजकूरही मेलमध्ये जसाच्या तसा येतो, म्हणून नाजूक माहिती हाताळणाऱ्या व्ह्यूवर (पानामागच्या फंक्शनवर) ती माहिती मेलमध्ये झाकणारा सेन्सिटिव्ह पोस्ट पॅरामीटर्सचा डेकोरेटर, म्हणजे फंक्शनच्या वर लिहायची एक ओळ, लावावाच.

इतकं करूनही मी हे सोडलेलं नाही. ट्रेसबॅक (एररपर्यंत कोड कसा पोचला त्याचा माग), यूआरएल, कोणत्या ओळीवर पडलं, सगळं हातात येतं. लहान अॅपला वेगळी सेवा लावायची गरज मला तरी वाटली नाही. फक्त प्रत्येक डिप्लॉयनंतर (नवा कोड सर्व्हरवर चढवल्यावर) तीच टेस्ट कमांड 'अॅडमिन्स' पर्यायासकट चालवतो, म्हणजे मेल एररच्याच वाटेने जातो. गेल्या आठवड्यात ती 535, म्हणजे लॉगिन नाकारल्याचा कोड, देऊन आपटली. मेलबॉक्सचा पासवर्ड मीच बदलला होता, सर्व्हरवर जुनाच राहिला होता.