कायोटीच्या शिकारीसाठी जागा शोधताना गेलेले 1,185 डॉलर

18 जानेवारी 2025 च्या पहाटे साडेचार वाजता मी, माझी पत्नी, सोळा वर्षांचा मुलगा, चौदा वर्षांची मुलगी आणि मेहुणा असे पाच जण टेक्सासमधील यूवॉल्डी गावाच्या पुढे एका कच्च्या रस्त्यावर, कुलूप लावलेल्या फाटकासमोर गाडीत बसून होतो. फाटकाचा कोड साडेचारला फोनवर येणार होता. तो आला नाही. ज्याने तो पाठवायचा त्याचा फोन बंद होता आणि त्याला आम्ही तोपर्यंत चार वेळा मिळून 1,185 डॉलर दिले होते. हे लिहिताना मला अजूनही लाज वाटते, परंतु टेक्सासमध्ये शिकारीसाठी जागा शोधणाऱ्या आपल्या लोकांपैकी एक कुटुंब जरी यामुळे वाचले, तरी ती लाज सोसण्याची माझी तयारी आहे.

कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा इकडचा, अमेरिकेतला भाऊबंद. सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच उरला नाही. येथे मात्र शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांना कायोटीचा इतका उपद्रव होतो की टेक्सासमध्ये त्याच्या शिकारीला ना मोसमाची मर्यादा आहे, ना संख्येची. शिकारीवरच ज्यांचा आक्षेप आहे त्यांच्याशी मी येथे वाद घालणार नाही. मुलाने शिकारीचे सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण केले होते, त्याचा 7 डॉलरचा आणि मेहुण्याचा व माझा प्रत्येकी 25 डॉलरचा परवाना काढला होता. जानेवारी-फेब्रुवारी हा कायोटीच्या जोड्या जमण्याचा काळ असल्याने ते शिकाऱ्याने काढलेल्या नकली आवाजाला चांगला प्रतिसाद देतात, म्हणून आम्ही तीन दिवसांची ती सुटी निवडली होती.

अडचण होती ती जागेची. या राज्यातील 95 टक्क्यांच्या आसपास जमीन खासगी मालकीची आहे. 48 डॉलरचा वार्षिक परवाना घेऊन सरकारी शिकारक्षेत्रांवर जाता येते, परंतु कोठे काय आणि कोणत्या साधनाने मारायचे याचे नियम जागेगणिक बदलतात आणि पहिल्यांदाच जाणाऱ्या मुलाला अनोळखी बंदूकधाऱ्यांच्या गर्दीत नेणे मला नको होते. मी अकरा रँचमालकांना, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणांच्या मालकांना, फोन केले. कोणी हरणांच्या शिकारीसाठी जागा आधीच भाड्याने दिली होती, कोणी माझे नाव दोनदा विचारून फोन ठेवला. अशा वेळी एक जाहिरात दिसली: 640 एकर, कुटुंबासाठी सोयीची, आत झोपायला केबिन, माणशी रोज 100 डॉलर, शिकार न करणाऱ्यांना काहीही आकार नाही. आम्ही तिघे शिकारी, तीन दिवस, एकूण 900. दर बाजारापेक्षा फार कमीही नव्हता. फार स्वस्त असते तर मी सावध झालो असतो.

मी आंधळेपणाने पैसे दिले असे कोणी समजू नये. कौंटीच्या (म्हणजे इकडच्या जिल्ह्याच्या) मालमत्ता मूल्यांकन कार्यालयाच्या नोंदी कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्या मी पाहिल्या. जमिनीचा तुकडा खरा होता, एकर जुळत होते, आणि माझ्याशी बोलणाऱ्याने सांगितलेले नावच तेथे मालक म्हणून होते. नेमका याच ताळ्याने माझा घात केला, कारण भामट्यानेही नाव तेथूनच उचलले होते. नोंदीतील नाव जुळणे हा पुरावा नव्हे. त्या नोंदीत मालकाचा टपालाचा पत्ताही असतो. त्या पत्त्यावर पत्र टाका आणि जाहिरातीतील क्रमांकाखेरीज अन्य मार्गाने मालकाशी बोला. 6 जानेवारीला मी 450 डॉलर अनामत पाठवली, तेव्हा खाते एका स्त्रीच्या नावावर निघाले. ते मुलीचे खाते आहे, हिशेब तीच पाहते, असे उत्तर आले. आपल्याकडेही वडिलांचे व्यवहार मुली पाहतात, म्हणून मला ते पटले.

8 जानेवारीच्या रात्रीचे जेवण मला विसरता येत नाही. मुलगी माझ्या फोनवर जाहिरातीतील छायाचित्रे पाहत होती. केबिनच्या मागे हात वर केलेल्या माणसासारखे उंच निवडुंग होते. ती म्हणाली, "बाबा, हा सग्वारो आहे. हा अ‍ॅरिझोनात असतो, टेक्सासमध्ये उगवत नाही." शाळेत ती सोनोरन वाळवंटाचा धडा शिकली होती. मी तिला सांगितले की कोणीतरी आणून लावला असेल, आणि ताटातली भाजी संपवायला सांगितली. त्या क्षणी आमचे फक्त 450 डॉलर गेले होते. चौदा वर्षांच्या मुलीला जे धडधडीत दिसले, ते या राज्यात एकोणीस वर्षे राहिलेल्या मला दिसू नये, आणि दिसल्यावरही मी ते झटकून टाकावे, याचा संताप मला त्या भामट्यापेक्षा स्वतःवर अधिक येतो. दुसऱ्याच दिवशी मी उरलेले 450 पाठवले. 13 तारखेला कुलपाची परत मिळणारी अनामत म्हणून 200 आणि 15 तारखेला विम्याचे 85 गेले. पैसे घेऊन शिकारीसाठी जमीन देणाऱ्याला तेव्हा राज्याच्या वन्यजीव खात्याचा लीज (भाडेपट्टी) परवाना लागत असे. तो मी मागितला होता, आणि "आल्यावर केबिनमध्येच लावलेला दिसेल" या उत्तरावर गप्प बसलो. मागितलेला कागद आधी पाहा, पैसे नंतर द्या.

त्या पहाटे विजेरीच्या उजेडात फाटकाच्या खांबांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले. टेक्सासच्या कायद्यात त्या रंगाचा अर्थ प्रवेशबंदीच्या पाटीइतकाच स्पष्ट आहे. मी गाडी तेथेच थांबवली, हे एकच शहाणपण माझ्या हातून घडले. पावणेसातला खरा मालक पिकअप घेऊन आला. सत्तरीचा माणूस होता तो; आवाज न चढवता त्याने सांगितले की महिनाभरात अशी फसून आलेली आम्ही तिसरी मंडळी होतो. बंदुका गाडीत, मुले मागच्या सीटवर, आणि मी फोनवरच्या पावत्या त्याला दाखवतो आहे: त्या दहा मिनिटांत पत्नीने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. माझा मेहुणा एच-वन-बी व्हिसावर आहे. अशा व्यक्तीला बंदूक जवळ बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई असून वैध शिकार परवाना हा मोजक्या अपवादांपैकी एक आहे. आम्ही उत्साहाच्या भरात फाटकावरून उडी मारून आत गेलो असतो, तर परवानगीशिवाय परक्या जमिनीवर रायफलीसह सापडल्याचा गुन्हा त्याच्या नावावर लागला असता आणि मग 1,185 डॉलरची कोणाला आठवणही राहिली नसती.

तक्रारीचे जे झाले ते फसवणुकीहून अधिक मनस्ताप देणारे आहे. त्या कौंटीच्या शेरीफ कार्यालयाने सांगितले की पैसे तुमच्या घरातून गेले, तेव्हा तुमच्या शहरात जा. शहराच्या पोलिसांनी सांगितले की जमीन तिकडची आहे, तेव्हा तिकडे जा. शिकारीच्या कायद्यावर देखरेख करणाऱ्या गेम वॉर्डनने नम्रपणे ऐकून घेतले, पण शिकारच झालेली नसल्याने हे प्रकरण त्यांच्याकडे येत नव्हते. बँकेत मी तीन वेळा गेलो, एकूण सव्वादोन तास फोनवर थांबलो, आणि प्रत्येक वेळी नव्या व्यक्तीला पहिल्यापासून सगळे सांगितले. उत्तर एकच, की पैसे तुम्ही स्वतः पाठवले आहेत. खाते ज्याच्या नावावर आहे ती व्यक्ती त्यांना ठाऊक आहे, तिचे खाते कोणत्या बँकेत आहे हेही ठाऊक आहे, तरीही गोपनीयतेच्या नावाखाली मला काही सांगता येत नाही. चोराची गोपनीयता जपली जाते आणि माझ्याकडून मात्र ओळखपत्राच्या प्रती दोनदा मागितल्या जातात! संघराज्याच्या संकेतस्थळावर केलेल्या तक्रारीचा क्रमांक मिळाला, त्यापलीकडे काही नाही. मालकाने स्वतः दोनदा कळवले होते. पहिल्या कुटुंबानेही तक्रार केली होती. या टोलवाटोलवीत कोणी एकाने जरी त्या खात्याकडे पाहिले असते, तर आम्ही तिसरे ठरलो नसतो. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते तर आक्षेप नोंदवता आला असता. जो मालक कार्ड किंवा चेक नाकारून फक्त फोनवरून थेट खात्यात पैसे मागतो, त्याच्याशी पुढे बोलूच नका. आणि जागा दिवसाउजेडी, मालकासोबत पाहिल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका, मग शंभर मैल जावे लागले तरी हरकत नाही. मी कामाचे कारण सांगून तेवढेच टाळले होते.

एप्रिलमध्ये तीच जाहिरात पुन्हा आली. छायाचित्र तेच, केबिनमागचा सग्वारो तोच, एकर तेवढेच. फक्त ठिकाण आता ओक्लाहोमा लिहिले आहे आणि दर माणशी 110 झाला आहे. ती फसवी असल्याचे मी ती दाखवणाऱ्यांना चार वेळा कळवले. चारही वेळा नियमभंग आढळला नाही असे उत्तर आले, आणि आज सकाळी मी पाहिली तेव्हा ती तेथेच होती.