घरातील मंडळी की चर्चमधील उपासना: मराठवाड्यात नव्याने स्थायिक होणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबासाठी

नोकरीसाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी जालना, बीड अथवा छत्रपती संभाजीनगर येथे आलेल्या ख्रिस्ती कुटुंबासमोर पहिल्या महिन्यातच एक निर्णय येऊन ठेपतो. छावणीकडच्या जुन्या चर्चमध्ये नाव नोंदवावे, की शेजारच्या वस्तीत कुणाच्या तरी घरी जमणाऱ्या पंधरा-वीस जणांच्या मंडळीत, म्हणजे उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या ख्रिस्ती गटात, बसावे? मी दोन्हीकडे वर्षानुवर्षे उपासनेला बसलो आहे. माझ्या मते हा निर्णय इमारत पाहून घेण्यात अर्थ नाही. तिथे तुमची खबर कोण घेतो आणि मंडळीच्या पुढाऱ्याला जाब कोण विचारू शकतो, या दोन गोष्टी पाहूनच तो घ्यावा.

घरी जमणे ही नवी टूम आहे, असा जुन्या मंडळ्यांतील काहींचा समज असतो, पण तो बरोबर नाही. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला प्रेषित पौलाने बायबलमधील रोमकरांस पत्रातून सलाम पाठवला आहे, आणि निंफाच्या व फिलेमोनाच्या घरच्या मंडळ्यांचा उल्लेखही त्याच्या पत्रांत येतो. सीरियातील ड्युरा-युरोपस येथे उत्खननात सापडलेले तिसऱ्या शतकातील उपासनास्थळ मुळात एक राहते घरच होते आणि त्याच्याच एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड केलेले होते. मराठीपुरते बोलायचे, तर नारायण वामन टिळकांनी 1917 साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा दिली. दुसरीकडे, मराठवाड्यातील जुन्या मंडळ्यांचे मूळही उपरे म्हणता येणार नाही. एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे नारायण शेषाद्री याच मातीत काम करत होते, आणि 1970 साली नागपुरात उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली तेव्हा वेगवेगळ्या मिशनांचा वारसा एका छत्राखाली आला.

प्रत्यक्ष उपासनेत मात्र मोठा फरक आहे. चर्चमध्ये रविवारी सकाळी घंटा होते आणि पापांगीकार, शास्त्रवाचन, विश्वासांगीकार, उपदेश, दान, प्रभूची प्रार्थना व आशीर्वाद हा क्रम ठरलेला असतो. नव्या माणसालाही पुढे काय येणार हे ठाऊक असते. ज्याचे मन दुःखाने सुन्न झाले आहे आणि ज्याला स्वतःचे शब्द सुचत नाहीत, त्याला पूर्वजांनी घडवलेली ती प्रार्थना उचलून धरते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

घरातील मंडळी बहुधा संध्याकाळी जमते. खेड्यात रविवारी सुट्टी नसते, आणि सोयाबीनच्या काढणीत किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी कुणालाच सवड मिळत नाही. माळवदाच्या घरात किंवा पत्र्याच्या खोलीत सतरंजी अंथरली जाते, चपला उंबऱ्याबाहेर राहतात, ढोलकी आणि खंजिरी निघते, आणि कुणीतरी भजन सुरू केले की बाकीचे त्याच्यामागे म्हणू लागतात. नंतर साक्षी होतात. ज्या बाईला अक्षरओळख नाही ती आपल्या मुलीकडून वचन वाचून घेते आणि त्या आठवड्यात देवाने काय केले ते चार वाक्यांत सांगते. आजारी म्हैस, थकलेले कर्ज, दहावीची परीक्षा, दारू सोडू पाहणारा भाऊ अशा गोष्टी नावानिशी प्रार्थनेत येतात. प्रत्येकाने काहीतरी घेऊन यावे, अशी जी रीत करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात दिसते, ती मला चर्चच्या बाकांपेक्षा या सतरंजीवर अधिक जिवंत दिसली. शेवटी चहा होतो, कधी पिठले-भाकरी होते, आणि खरी सहभागिता त्या जेवणातच घडते. कुणाच्या घरी दोन दिवस चूल पेटलेली नाही, हे तिथेच कळते. (उपदेश लांबला, तर त्रोवस येथे पौलाचे बोलणे ऐकता ऐकता झोप लागून खिडकीतून खाली पडलेला युतुख आठवावा आणि दिवसभर राबलेल्यांना वेळेवर घरी जाऊ द्यावे.)

एवढे असूनही घरातील मंडळीला निर्दोष मानणे घातक ठरेल. करिंथची मंडळी घराघरांतच जमत होती, आणि तिथेच प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ होणाऱ्या सामुदायिक भोजनाच्या, वेळी सधन लोक आधी जेवून घेत व गरीब उपाशी राहत. आपल्याकडे मुख्य धोका वेगळा आहे. ज्याचे घर, त्याचाच शब्द, आणि त्याच्यावर कुणी नाही, अशी स्थिती लवकर निर्माण होते. एका घरातील मंडळीत दानाचा हिशेब विचारल्यावर चर्चाच थांबली आणि वर्षभरात ती मंडळी विखुरली, हे मी जवळून पाहिले आहे. चर्चमध्येही पैशावरून वाद होतातच, मात्र तिथे समिती असते, वह्या असतात, पाळकाची (चर्चच्या धर्मगुरूची) बदली झाली तरी मंडळी टिकते आणि तक्रार घेऊन वर जाण्याची वाट असते. याउलट मोठ्या मंडळीत एखादे कुटुंब तीन महिने आले नाही तरी कुणाच्या ध्यानात येत नाही. घरातील मंडळीत दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी दारात येऊन उभे राहते.

बाप्तिस्म्याबाबतही आधीच विचारून घ्यावे. उत्तर भारतीय चर्चमध्ये बालकांचा आणि प्रौढांचा, असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य आहेत. घरातील मंडळ्या बहुतेक वेळा कळत्या वयात विहिरीत किंवा नदीत बुडवून बाप्तिस्मा देतात, आणि काही जण लहानपणीचा बाप्तिस्मा धरत नाहीत. पती-पत्नी वेगवेगळ्या परंपरेतून आलेले असतील, तर यावरून घरात तेढ येऊ शकते.

विवाहाची बाब अधिक गंभीर आहे. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे विवाह लावण्याचा अधिकार ठराविक मंडळ्यांच्या दीक्षित पाळकांना, परवानाधारक व्यक्तींना आणि विवाह निबंधकांना आहे. घरातील मंडळीचा पुढारी कितीही भक्तिमान असला तरी परवान्याशिवाय त्याने लावलेल्या विवाहाला कायद्याचा आधार मिळत नाही. अशा वेळी 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन नोंदणी करावी आणि घरी आशीर्वादाची उपासना ठेवावी.

माझा सल्ला असा आहे की, जवळ जुनी मंडळी असेल तर नाव तिथेच ठेवावे आणि आठवड्यातील एक संध्याकाळ घरातील मंडळीला द्यावी; दोहोंत विरोध मानू नये. चर्च चाळीस किलोमीटरवर असेल, किंवा ऊसतोडीमुळे दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत गावच सोडावे लागत असेल, तर कोपीसमोर (ऊसतोड्यांच्या तात्पुरत्या झोपडीसमोर) जमणारे चार-पाच जणही मंडळीच आहेत, आणि तिथे निःशंकपणे बसावे. मात्र दान कोण मोजतो, पुढाऱ्याला समजावणारी दोन वडीलधारी माणसे आहेत का, आणि स्त्रियांना बोलू दिले जाते का, हे पहिल्या महिन्यातच पाहावे. मयतीच्या वेळी दफनासाठी जागा कुठे मिळेल, हेही आत्ताच विचारून ठेवावे, कारण ख्रिस्ती कब्रस्तान बहुधा जुन्या मंडळीच्या ताब्यात असते आणि शोकाच्या दिवशी सभासदत्वाची चौकशी करत फिरणे कुठल्याही कुटुंबाला पेलवत नाही.