अप्रेझलचं नवं पोर्टल: अडीच स्टार, तेही नोट्सच्या कप्प्यासाठी

आमच्याकडे अप्रेझलसाठी, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनासाठी, नवीन पोर्टल आणलंय, त्यावर एक पूर्ण वर्षाची सायकल काढली म्हणून लिहितेय. टीममध्ये नऊ जण, त्यातले आम्ही तिघं कायम रिमोट, मॅनेजरला आजवर प्रत्यक्ष बघितलेलंसुद्धा नाही.

आधी चांगलं सांगते. नोट्सचा कप्पा आहे, काम झालं की लगेच टाकून ठेवायचं, तारीख आपोआप पडते. मी मनावर घेऊन दर शुक्रवारी दोन ओळी टाकल्या, त्यामुळे सेल्फ अप्रेझलच्या वेळी आठ महिन्यांपूर्वीचे मेल उकरत बसावं लागलं नाही. नाहीतर शेवटच्या दोन महिन्यांचं काम तेवढं लक्षात राहतं, आणि रिमोटवाल्यांचं तेही नाही.

बाकी आनंदच आहे. सेल्फ अप्रेझलच्या रकान्याला हजार अक्षरांची मर्यादा, स्पेस धरून, आणि ती कळते कधी तर सबमिट दाबल्यावर! ऑटोसेव्ह नाही. मधेच एक कॉल आला, तो संपवून बघते तर लॉगआउट, तासाभराचं टायपिंग पाण्यात. आता आधी नोटपॅडमध्ये लिहिते आणि मग पेस्ट करते.

थ्री सिक्स्टी फीडबॅकमध्ये, म्हणजे मॅनेजरच नाही तर सोबत काम करणारेही आपल्याबद्दल मत देतात त्यात, एक प्रश्न होता, 'ऑफिसमधलं वातावरण चांगलं ठेवायला हातभार लावते का?' पाचपैकी मार्क द्यायचे. मला २ मिळाले. अहो मी ऑफिसला जातच नाही, मग हे २ तरी कशाचे? 'लागू नाही' असा पर्यायच ठेवलेला नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. मॅनेजरने मला ४ दिले होते, मग कॅलिब्रेशनची मीटिंग झाली, म्हणजे सगळे मॅनेजर बसून कोणाला वर ठेवायचं कोणाला खाली ते ठरवतात, त्यातून ३ होऊन बाहेर आले. पोर्टलवर नुसतं ४ खोडून ३ दिसतं, कारण लिहायला जागाच नाही. रिव्ह्यू कॉल वीस मिनिटांचा, मॅनेजरच्या चष्म्यात दुसरीच विंडो चमकत होती. "काम एकदम छान आहे तुझं, फक्त व्हिजिबिलिटी वाढव." म्हटलं सर, म्हणजे नेमकं काय करू? तर म्हणे कॅमेरा ऑन ठेवत जा.

हे माझं एकटीचं रडगाणं आहे असं नाही. सीट्रिप नावाच्या चिनी ट्रॅव्हल कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला होता, २०१५ मध्ये छापून आला, घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्के वाढली पण तेवढ्याच कामगिरीवर प्रमोशन मिळायचं प्रमाण मात्र घसरलं. मायक्रोसॉफ्टने तर लोकांना एकमेकांशी तोलून ठरलेल्या कप्प्यांत बसवायची पद्धत २०१३ मध्येच बंद केली. आमच्याकडे तीच पद्धत नवीन रंगाच्या स्क्रीनवर आली.

घेणार असाल तर डेमोमध्ये दोन गोष्टी नक्की विचारा, रेटिंग बदललं तर कारण लिहायची सक्ती आहे का, आणि ऑटोसेव्ह आहे का.

हां, एक राहिलंच. प्रत्येक नोटखाली मॅनेजरने ती कधी उघडली ते बारीक अक्षरात येतं, माझ्या लक्षात हे कॉल झाल्यावर आलं. माझ्या ४६ नोट्स होत्या, सगळ्यांखाली 'अजून पाहिलेलं नाही'. आता शुक्रवारच्या त्याच दोन ओळी मी चॅटवर पण टाकते, तिथे निदान अंगठा तरी येतो.