रात्रीच्या रिलेसाठी दादरची टेम्पो ट्रॅव्हलर

शिवाजी पार्कला रोज पहाटे धावणाऱ्या आम्ही पाच जणी. जपानमध्ये 1917 साली क्योतो ते टोकियो पहिली एकिदेन, म्हणजे रस्त्यावरची लांब पल्ल्याची रिले शर्यत, झाली, हे वाचल्यापासून अशी रिले करायची मनात होती. जानेवारीत केली. पनवेलहून जुन्या हायवेने खोपोलीच्या वर शिंगरोबाच्या देवळापर्यंत, अंदाजे 40 किलोमीटर. प्रत्येकीने दोनदा चार-चार. पुढे तो रस्ता एक्सप्रेसवेला मिळतो, तिथे पायी जायला बंदी, म्हणून देवळाशीच थांबायचं.

गाडीसाठी तीन ठिकाणी फोन केले. दोघांनी रात्रीचं ऐकूनच नाही म्हटलं. दादर स्टेशनजवळच्या या गाडीवाल्यांनी थेट ड्रायव्हरकाकांना फोन दिला. काकांनी आधी विचारलं, "ताई, धावणारी रस्त्यावर एकटीच असणार? मग मी पुढे जाऊन थांबत नाही, मागेच राहतो."

आणि राहिले. रात्री दोनपासून उजाडेपर्यंत, पाच तासांच्या वर, पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, चारही इंडिकेटर चालू ठेवून. मागून ट्रक आला की तो आधी गाडीला बघायचा, आम्हाला नंतर. चार किलोमीटर भरले की दोन बारीक हॉर्न. चौकजवळ माझी पाळी आली. एकिदेनमध्ये बॅटनऐवजी खांद्यावरून घेतलेला पट्टा देतात, आमच्याकडे उपरणं होतं. मैत्रिणीने ते माझ्या गळ्यात टाकलं तेव्हा घामाने चिंब आणि थंडगार होतं, अंगावर काटाच आला. खोपोली सोडल्यावर चढाला पाय उचलेनात, पण पाठीमागे हेडलाइटचा उजेड होता आणि माझी सावली पुढे धावत होती. एकदाही भीती वाटली नाही. पाच बायकांना रात्री हायवेवर असं धावता येणं ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे.

तक्रारी दोन. चार्जिंगचे दोन पॉइंट बंद होते, घड्याळ मध्येच बंद पडलं. आणि भाडं किमान 300 किलोमीटरचं घेतात, आमचं जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास झालं. हे बुकिंगच्या वेळी सांगायला हवं होतं.

सीट स्वच्छ, मागची डिकी मोठी, पाण्याचे दोन कॅन आरामात बसले.

देवळाशी काकांनी खिशातून नाणं काढून वाहिलं, मग आम्हाला चहा पाजला. बुक करणार असाल तर पांढऱ्या मिशांचे काका विचारा, ऑफिसात कळतं. त्यांची सुट्टी बघूनच तारीख ठरवा. आम्ही पुढच्या डिसेंबरची ठरवली आहे.