सी ड्राइव्ह भरलाय: विंडोजचं स्वतःचं क्लीनअप, बाहेरचं क्लीनर की हाताने सफाई?

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की बरेच जण आधी क्लीनर शोधतात आणि जे पहिलं सापडेल ते इन्स्टॉल करून मोकळे होतात. घाई करू नका. घरच्या विंडोज कॉम्प्युटरवर पडून राहिलेल्या फाइल्स काढायचे तीन रस्ते आहेत, एक म्हणजे विंडोजमध्येच असलेलं स्टोरेज सेन्स, दुसरं बाहेरून आणलेलं क्लीनर, आणि तिसरं म्हणजे जागा कुठे गेली ते दाखवणारा प्रोग्राम घेऊन आपणच बघून बघून केलेली सफाई.

आधी एक गोष्ट क्लिअर करू कारण निवड त्यावरच ठरते. पडीक फाइल्समुळे कॉम्प्युटर स्लो होत नाही. टेम्प फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्राम तात्पुरत्या फाइल्स ठेवतात तिथे, हजारो फाइल्स असल्या तरी त्या कुणी उघडत नाही तोवर नुसती जागा अडवून बसतात, रॅम किंवा प्रोसेसर खात नाहीत. त्रास सुरू होतो तो ड्राइव्ह गच्च भरत आल्यावर, तेव्हा अपडेट अडकतात, एसएसडीला लिहायला मोकळे ब्लॉक कमी पडतात आणि मग सगळंच रखडायला लागतं. म्हणजे २०० जीबी मोकळे असतील तर ५ जीबी कचरा काढून काही जाणवणार नाही, पण एकूण ५ जीबीच उरले असतील तर तेच काम लगेच करायला हवं.

स्टोरेज सेन्स सेटिंग्जमध्ये सिस्टम आणि मग स्टोरेज इथे सापडतं. एकदा चालू केलं की वापरात नसलेल्या टेम्पररी फाइल्स आणि रीसायकल बिनमध्ये ३० दिवसांपेक्षा जास्त पडलेलं सामान ते आपलं आपण काढत राहतं. तिथेच टेम्पररी फाइल्सचं पान उघडलं की यादी आणि प्रत्येकासमोर आकडा दिसतो, जुने अपडेट, थंबनेल, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन (अपडेट डाउनलोड करताना साठवलेल्या फाइल्स) वगैरे, यातलं बहुतेक बिनधास्त काढा. दोन टिक मात्र विचार करूनच. डाउनलोड्स त्या यादीत असतं, आणि आपल्यापैकी कित्येकांची पॉलिसीची पीडीएफ आणि बँकेची स्टेटमेंट्स तिथेच पडलेली असतात, त्यामुळे आधी फोल्डर उघडून बघा. दुसरी टिक आधीच्या विंडोजची, म्हणजे विंडोज डॉट ओल्ड नावाचा फोल्डर. मोठ्या अपग्रेडनंतर परत मागे जायला साधारण १० दिवस मिळतात ते या फोल्डरच्या जिवावर, नंतर विंडोज तो स्वतःच काढतं, तेव्हा अपग्रेड नुकताच झाला असेल आणि प्रिंटर वगैरे नीट चालतोय की नाही याची खात्री नसेल तर त्याला हात लावू नका.

स्टोरेज सेन्सची मर्यादा एवढीच की ते विंडोजच्या ओळखीचा कचराच काढतं. अनइन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामचे मागे राहिलेले फोल्डर, फोनचे जुने बॅकअप, एकाच व्हिडिओच्या तीन कॉप्या, यातलं काही ते शोधत नाही.

बाहेरच्या क्लीनरचा खरा फायदा म्हणजे दोन-तीन ब्राउझर आणि बाकीच्या प्रोग्रामचा कॅश (पुन्हा लागतील म्हणून साठवलेल्या फाइल्स) एका जागेवरून साफ होतो. पण कॅश हा वेळ वाचवण्यासाठीच ठेवलेला असतो, काढला की साइट आधी हळू उघडतात आणि काही दिवसांत तो परत तेवढाच भरतो, आणि सोबत कुकीजवर टिक राहिली तर सगळीकडून लॉगआउट व्हाल ते वेगळंच. रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्रामच्या सेटिंग्जची नोंदवही, ती साफ करायचं बटन तर दाबूच नका. त्यातून मिळणारी जागा नगण्य, आणि चुकीची एंट्री गेली तर प्रोग्राम किंवा अख्खं विंडोज बिघडू शकतं, मायक्रोसॉफ्टही अशा टूलना सपोर्ट देत नाही. शिवाय असं सॉफ्टवेअर अख्ख्या कॉम्प्युटरवर पूर्ण अधिकार घेऊन बसतं हे विसरू नका, २०१७ मध्ये सीक्लीनर नावाच्या क्लीनरच्या ५.३३ व्हर्जनमध्येच हल्लेखोरांनी मालवेअर घुसवलं होतं आणि ते २० लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर पोचलं होतं. तरीही क्लीनर हवंच असेल तर मी ब्लीचबिट म्हणेन, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि काढायच्या आधी काय काय जाणार त्याची यादी दाखवतं, ती वाचा.

तिसरा रस्ता मला सगळ्यात पटतो. विझट्री किंवा विनडरस्टॅट यांपैकी एक घ्या, कुठला फोल्डर किती मोठा ते रंगीत चौकोनांमध्ये दिसतं, विझट्री तर ड्राइव्हची फाइल यादी थेट वाचतं म्हणून काही सेकंदांत उरकतं. आणि तिथे बघितल्यावर बरेचदा कळतं की टेम्प हा खरा दोषीच नाहीये. आयफोनचा बॅकअप कॉम्प्युटरवर घेत असाल तर मोबाइलसिंक नावाचा फोल्डर सहज कित्येक जीबीचा निघतो, जुने बॅकअप आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हायसेस या ॲपमधूनच काढा. हायबरफिल डॉट सिस दिसेल, तो हायबरनेटसाठी, म्हणजे चालू काम ड्राइव्हवर साठवून कॉम्प्युटर बंद करायच्या सोयीसाठी असतो, विंडोज १० आणि ११ मध्ये साधारण रॅमच्या ४० टक्के, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबीच्या वर. हायबरनेट बंद केलं की जातो, पण त्यासोबत फास्ट स्टार्टअप, म्हणजे कॉम्प्युटर लवकर चालू व्हायची सोयही जाते.

मोठं दिसतंय म्हणून काढायचं नाही असंही काही आहे. विंडोजचे स्वतःचे भाग ठेवणारा विनएसएक्सएस फोल्डर एक्सप्लोररमध्ये खऱ्यापेक्षा मोठा दिसतो कारण त्यातल्या बऱ्याच फाइल्स हार्ड लिंक आहेत, एकच फाइल दोन ठिकाणी मोजली जाते. विंडोजच्या आतला इन्स्टॉलर फोल्डरही तसाच राहू द्या, त्यातल्या फाइल्स गेल्या की पुढे एखादा प्रोग्राम ना अपडेट होतो ना अनइन्स्टॉल. पेजफाइललाही, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज वापरतं त्या फाइललाही हात नको.

ॲपडेटाचं काम जरा सबुरीचं आहे. हा फोल्डर लपवलेला असतो, आत लोकल, लोकललो आणि रोमिंग असे तीन भाग, आणि प्रोग्राम काढल्यावरही त्याचं सामान इथे राहतं. ज्या नावाचा प्रोग्राम इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीत नाही आणि फोल्डरमधल्या फाइल्सच्या तारखाही जुन्या आहेत असाच फोल्डर निवडा, लगेच डिलीट न करता नावापुढे "जुनं" लावा आणि आठवडाभर नेहमीसारखं काम करा. कुठे काही अडलं नाही तर मग काढा. नाव ओळखीचं नसेल तर सोडून द्या, गेमचे सेव्ह, थंडरबर्डचे मेल, ब्राउझरचे पासवर्ड हे सगळं याच भागात असतं.

तर ठरवायचं कसं? वेळ नसेल किंवा घरातल्या मोठ्यांचा कॉम्प्युटर असेल तर स्टोरेज सेन्स चालू करा, डाउनलोड्ससाठी "कधीच नाही" ठेवा आणि विषय संपवा. पुन्हा पुन्हा जागा भरत असेल तर विझट्री. क्लीनर फक्त तेव्हाच, जेव्हा एकाच कॉम्प्युटरवर बरेच ब्राउझर आहेत आणि त्यांचा कॅश खरंच खूप जागा खातोय.

वनड्राइव्ह वापरत असाल तर त्या फोल्डरमधून फाइल डिलीट केली की ती क्लाउडवरूनही जाते, पर्सनल अकाउंटला रीसायकल बिनमधून परत आणायला ३० दिवस मिळतात. जागाच हवी असेल तर राइट क्लिक करून जागा मोकळी करायचा पर्याय घ्या, फाइल क्लाउडवर राहते आणि ड्राइव्हवरची कॉपी तेवढी जाते. आणि एवढं करूनही पट्टी लालच राहिली तर बहुतेक ते फोटो आणि व्हिडिओ असणार, तिथे यातलं कुठलंच टूल उपयोगाचं नाही, दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा, दोन्ही कॉप्या उघडून बघा आणि मगच सी ड्राइव्हवरून काढा.