ठाणे–ऐरोली–अंबरनाथ एकदिवसीय सहल: जरूर जा

नागपूरहून आत्या आली होती, म्हणून ठाण्याच्या एका छोट्या सहल कंपनीची ही फेरी घेतली. बोटफेरी भरती-ओहोटीवर असते. त्यामुळे सुरुवात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रापासून, आणि तीही भल्या सकाळी. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) अगदी जवळून दिसले. मान खाली, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळत होते. शेवाळातल्या रंगद्रव्यामुळे ते गुलाबी होतात, हे गाइडने आत्याला इतकं छान समजावलं की ती दिवसभर तेच सांगत होती! २०२२ पासून ही ठाण्याची खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

मग ठाण्यातला तलावपाळी तलाव, कौपिनेश्वर मंदिर, आणि शेवटी अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर. तिथे अर्धाच तास दिला, हे मला अजिबात पटलं नाही. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम उन्हं कलताना उठून दिसतं, आणि नेमकं तेव्हाच बस सुटली.

पण खरी कमाई म्हणजे ठाणे, नवी मुंबई (ऐरोली तिथलंच) आणि अंबरनाथ या तिन्ही शहरांचा एकच नकाशा त्यांनी हातात दिला. एरवी ठाण्याचं माहितीपत्रक कळव्याला संपतं आणि नवी मुंबईचं दिघ्याला सुरू होतं. खाडी एक, शिलाहार राजांचा इतिहास एक. मग पाहुण्याने तीनदा चौकशी का करायची? तिन्ही पालिकांनी मिळून एक नाव, एक तिकीट काढावं, असं मला मनापासून वाटतं. तोवर ही फेरी घ्या, आणि अंबरनाथला जास्त वेळ आधीच मागून घ्या.