ऑक्टोपससाठी म्हणून विकला जाणारा टाकी-संच: पाण्याची व्यवस्था उत्तम, झाकण अपुरे

घरी ऑक्टोपस पाळू इच्छिणाऱ्यांना ‘सर्व काही एकाच खोक्यात’ अशी जाहिरात करून विकला जाणारा, सुमारे २५० लिटर क्षमतेचा खाऱ्या पाण्याचा संच गेले काही महिने माझ्या वापरात आहे. सध्या त्यात ऑक्टोपस बायमॅक्युलॉइडिस, म्हणजे डोळ्यांखाली निळसर ठिपके असणाऱ्या दोन-ठिपकी जातीचा एक ऑक्टोपस आहे. संचात काचेची टाकी, तिच्या मागे गाळणीचे तीन कप्पे, प्रोटीन स्किमर, पाणी परत फिरवणारा पंप, पाणी थंड ठेवणारा चिलर, एलईडी दिवा, अ‍ॅक्रिलिकचे झाकण आणि कोरडा खडक एवढे मिळते. पाणी स्वच्छ व थंड ठेवण्याचे काम हा संच फार चांगले करतो. प्राण्याला आत सुरक्षित ठेवण्याचे काम मात्र तो जसा हाती येतो तसा करू शकत नाही, आणि खास ऑक्टोपससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत ही उणीव किरकोळ मानता येणार नाही.

आधी चांगल्या बाजूविषयी. ऑक्टोपस पूर्णपणे मांसाहारी आहे. खेकडे, कोळंबी, शिंपले हा त्याचा आहार, आणि तो खातोही भरपूर. त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या माशापेक्षा तो पाणी कितीतरी लवकर खराब करतो. ऑक्टोपसचे धड मुठीएवढेच असले तरी टाकी किमान २०० लिटरची असावी असे जाणकार सांगतात, त्याचे कारण हिंडायला लागणारी जागा हे जितके आहे तितकेच हा पाण्यावरचा भार हेही आहे. या संचातील स्किमर टाकीच्या दुप्पट पाण्यासाठी योजलेला आहे आणि तो निर्णय अगदी योग्य ठरतो. स्किमरमध्ये हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होतात, पाण्यातली प्रथिने त्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि तपकिरी फेस होऊन वरच्या पेल्यात जमा होतात, म्हणजे त्यांचे अमोनियात रूपांतर होण्यापूर्वीच ती पाण्याबाहेर पडतात. स्किमरमधून सुटणारे बुडबुडे मुख्य टाकीत शिरू नयेत यासाठी शेवटच्या कप्प्याच्या तोंडाशी जाड स्पंज बसवलेला आहे, आणि तो आपले काम चोख करतो.

या व्यवस्थेची खरी कसोटी शाईच्या वेळी लागते. प्राणी नवीन असताना खोलीत काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज झाला आणि त्याने शाई सोडली. काळा ढग क्षणभर एकाच जागी तरंगत राहिला, मग प्रवाहाबरोबर मागच्या कप्प्यात ओढला गेला, आणि थोड्याच वेळात स्किमरचा पेला गडद फेसाने भरून वाहू लागला. बंद टाकीत ही शाई ऑक्टोपसच्या स्वतःच्याच कल्ल्यांवर बसून त्याला धोका होऊ शकतो, म्हणून मी तत्काळ पेला रिकामा केला, सक्रिय कोळशाची नवी पिशवी मधल्या कप्प्यात ठेवली आणि थोडे पाणी बदलले. संध्याकाळपर्यंत पाणी पूर्ण निवळले होते. मधला कप्पा हात घालून पिशवी सहज बदलता येईल इतका रुंद ठेवणाऱ्याने या प्राण्याचा नक्कीच विचार केला आहे.

चिलरही भरवशाचा आहे. या जातीला साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि ठरवलेल्या आकड्यापासून चिलर फारसा ढळू देत नाही. थंडाव्याचा प्रश्न येथे केवळ सोयीचा नाही. ऑक्टोपसच्या निळ्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोसायनिन हे द्रव्य आपल्या हिमोग्लोबिनइतके कार्यक्षम नसते, आणि पाणी जसजसे गरम होते तसतसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होत जातो. त्यामुळे तापमान चढले की त्याची दुहेरी कोंडी होते. चिलरचा आवाज झोपण्याच्या खोलीत त्रासदायक वाटेल आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या गरम हवेला मोकळी जागा द्यावी लागते, एवढे आधी ध्यानात घ्यावे. आतली नळी टिटॅनियमची आहे, हे विशेष चांगले. पण त्याच चिलरला पाइप जोडण्यासाठी माझ्या खोक्यात आलेले दोन जोडतुकडे पितळी निघाले, आणि पितळ म्हणजे तांबे आलेच. ऑक्टोपसच्या रक्तात तांबे असते हे खरे, तरी पाण्यात विरघळलेले तांबे त्याला अत्यंत अल्प प्रमाणातही घातक ठरते. मी ते पाणी भरण्यापूर्वीच काढून प्लॅस्टिकचे बसवले. इतरांनीही प्रत्येक जोड हातात घेऊन पाहावा.

आता झाकण. ऑक्टोपसच्या शरीरात चोच सोडली तर जवळजवळ काहीच कठीण नसते, त्यामुळे जिथून चोच जाते तिथून सगळा प्राणी जातो. न्यूझीलंडमधील नेपियर येथील राष्ट्रीय मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस टाकीच्या फटीतून बाहेर पडून सुमारे ५० मीटर लांबीच्या निचरा-पाइपातून समुद्रात निघून गेल्याची बातमी २०१६ साली जगभर गाजली होती. तिथे निदान पाइपाच्या टोकाला समुद्र होता. घरात टाकीबाहेर पडलेला प्राणी कोरड्या जमिनीवर जीव गमावतो. असे असताना या संचाचे झाकण दोन तुकड्यांचे आहे, त्याला फक्त पुढच्या बाजूला दोन खटके आहेत, आणि मागच्या कोपऱ्यात तारा व नळ्या जाण्यासाठी बोटभर रुंदीची खाच उघडीच सोडलेली आहे. शिवाय अ‍ॅक्रिलिक सतत दमट राहिल्याने मधोमध किंचित वाकते आणि दोन तुकड्यांच्या सांध्यात फट पडते. चूषकांनी पकड घेऊन खालून रेटणाऱ्या आठ भुजांपुढे असे झाकण टिकण्याची खात्री कोणी देऊ शकणार नाही.

प्राणी आणण्यापूर्वी मी झाकणाला चारही बाजूंनी खटके बसवले, सांध्याखाली आधारपट्टी लावली आणि तारांची खाच दाट स्पंज ठासून बंद केली. झाकण पूर्ण हवाबंद करून चालत नाही, कारण पाण्याच्या पृष्ठभागावर हवेची देवाणघेवाण व्हायलाच हवी. म्हणून एका कडेला प्लॅस्टिकच्या बारीक जाळीची खिडकी ठेवावी. अनेक सार्वजनिक मत्स्यालये टाकीच्या वरच्या कडेला कृत्रिम हिरवळीची पट्टी लावतात, कारण तिच्या खरबरीत पृष्ठभागावर चूषकांची पकड बसत नाही. हा उपाय घरीही सहज करता येतो. मुख्य टाकीतून मागच्या कप्प्यात पाणी जाण्याच्या खाचा लहान पिल्लासाठी पुरेशा रुंद आहेत, आणि तिथून ते थेट पंपाच्या तोंडाशी पोहोचू शकते. त्या खाचांवर जाळी आणि पंपाच्या तोंडावर स्पंज हे दोन्ही आवश्यक आहेत, आणि दोन्ही खोक्यात नाहीत.

दिवा प्रवाळांसाठी बनवलेला वाटतो, इतका तो प्रखर आहे. सर्वांत मंद पातळीवर तो चालतो आणि रात्री निरीक्षणासाठीचा लाल प्रकाश उपयोगी पडतो. तो झाकणाच्या वर, पाण्याच्या फवाऱ्यापासून सुरक्षित राहील असा बसवावा. जर्मनीतील कोबुर्ग येथील मत्स्यालयात २००८ साली ओटो नावाच्या ऑक्टोपसने वरच्या दिव्यावर पाणी उडवून वीजपुरवठा बंद पाडला होता. क्षारता मोजण्यासाठी दिलेले तरंगते उपकरण विश्वासार्ह नाही. प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर वेगळा घ्यावा आणि सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास राखावी.

सर्वाधिक हरकत मला माहितीपुस्तिकेवर घ्यायची आहे. टाकी तीन आठवड्यांत ‘तयार’ होते असे तिच्यात छापले आहे. अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू खडकावर व वाळूत नीट रुजायला वेळ लागतो, आणि ऑक्टोपसचा भार पेलण्याइतकी टाकी पक्की व्हायला तीन महिने धरणेच शहाणपणाचे आहे. ‘कोणतीही लहान जात चालेल’ हे वाक्य तर धोकादायक आहे, कारण निळ्या वलयांचा ऑक्टोपसही लहानच असतो आणि त्याच्या विषातील टेट्रोडोटॉक्सिन माणसाचा जीव घेऊ शकते. एका टाकीत एकच ऑक्टोपस ठेवावा, हेही कुठे लिहिलेले नाही. बहुतेक लहान जाती एक ते दोन वर्षेच जगतात, आणि मादी अंडी घातल्यावर खाणे कमी करत किंवा सोडत जाऊन पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते, याचाही पुस्तिकेत उल्लेख नाही. प्राणी आपल्या हातून दगावला असे समजून दुःख करणाऱ्या मालकाला ही माहिती आधीच मिळायला हवी.

खडक चांगल्या प्रतीचा, सच्छिद्र आणि बिळे रचण्याजोगा आहे. मात्र ऑक्टोपस दगड ओढून हलवतो, म्हणून रचना एपॉक्सीने सांधूनच ठेवावी. झाकणातील खाऊ देण्याची छोटी खिडकी मला या संचात सर्वांत आवडली. तिच्यातून फिरकीच्या झाकणाची पारदर्शक बरणी आत सोडता येते. बरणीत खेकडा असला की ऑक्टोपस आधी एकाच भुजेचे टोक तिच्या कडेवरून सावकाश फिरवतो, मग सगळी बरणी कवेत घेतो आणि त्याच्या त्वचेचा रंग गडद होत जातो. ज्या प्राण्याचे बरेचसे चेतापेशी-जाळे भुजांमध्येच आहे, त्याला असे काम रोज मिळणे हे स्वच्छ पाण्याइतकेच गरजेचे आहे.

पाण्याच्या व्यवस्थेला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, झाकणाला दीड आणि पुस्तिकेला एक. ज्यांना खाऱ्या पाण्याच्या टाकीचा अनुभव आहे आणि झाकणावर स्वतः काम करण्याची तयारी आहे, त्यांनी हा संच जरूर घ्यावा. पहिल्यांदाच टाकी लावणाऱ्यांनी घेऊ नये. झाकण, जाळी आणि पितळी जोडांविषयी मी उत्पादकांना छायाचित्रांसह सविस्तर कळवले आहे. जोडतुकडे त्यांनी विनातक्रार बदलून दिले. चारही बाजूंनी बंद होणारे एकसंध झाकण मात्र अजून त्यांच्याकडे सुटे मिळत नाही.